छोट्या मशीन शॉपमध्ये आयओटी बसवायचंय? पहिलं मशीन असं जोडा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं युनिट आहे. ११ मशीनं, त्यात ४ व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीनं), ५ सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारे लेथ आणि २ जुने साधे लेथ, काम बहुतेक ऑटो आणि इलेक्ट्रिकल कंपन्यांचं. यातली ७ मशीनं आता जोडलेली आहेत, म्हणजे मशीन कधी चालू, कधी बंद, किती पीस निघाले हे सेन्सर आणि नेटवर्कवरून आपोआप नोंद होतं, यालाच आयओटी म्हणतात. त्यामुळे सातपूर, सिन्नर, गोंद्याकडून ओळखीचे लोक फोन करतात आणि पहिलाच प्रश्न असतो, कितीला पडलं आणि सॉफ्टवेअर कुठलं घेतलं? मी त्यांना उलट विचारतो, आधी हे सांगा की तुमच्या शॉपमधलं नेमकं काय तुम्हाला कळत नाहीये? माल वेळेवर जात नाही, की रिजेक्शन जास्त आहे, की लाईट बिल वाढलंय, की मशीन सारखं ब्रेकडाऊनला जातंय? या चार गोष्टींना वेगवेगळी मोजणी लागते, आणि चारही एकदम करायला गेलात की एकही धड होत नाही.

आमचं पहिल्यांदा तसंच झालं. एका सप्लायरने पूर्ण पॅकेज दिलं, ६ मशीनं एका आठवड्यात जोडली, ऑफिसमध्ये मोठा टीव्ही लावला. पहिला महिना येईल त्या पाहुण्याला दाखवला. तिसऱ्या महिन्यात कोणी मान वर करून बघेना, कारण टीव्हीवर लाल दिसलं तरी आता करायचं काय आणि करायचं कोणी हे ठरलेलंच नव्हतं. वर्षाची फी संपली आणि बंद केलं. पैसे गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे शॉपवरच्या लोकांचा विश्वास गेला, पुढच्या वेळी मशीनवर लावायचे नोंदीचे डबे आणले तेव्हा सगळ्यांच्या तोंडावर हेच की आलं परत काहीतरी. तेव्हा खाली लिहितोय ते सगळं दुसऱ्या वेळचं, जे टिकलं.

मशीन कुठलं निवडायचं

सगळ्यात नवीन मशीन निवडायचा मोह होतो कारण ते जोडायला सोपं. तसं करू नका. शॉपमध्ये एक चक्कर मारा आणि बघा कुठल्या मशीनसमोर क्रेट साचलेत. जिथे माल अडतो ते मशीन धरा. त्या मशीनचा एक तास वाचला तर अख्ख्या शॉपचा वाचतो, दुसऱ्या कुठल्या मशीनचा वाचला तर फक्त क्रेटची रांग लांबते. आमच्याकडे ते ३ नंबरचं व्हीएमसी होतं, एका हाऊसिंगचं (पार्टच्या बाहेरच्या कवचाचं) बोअरिंग त्याच्यावरच व्हायचं आणि दर महिनाअखेरीला डिस्पॅचची बोंब त्याच्यामुळेच.

मशीन ठरलं की लगेच सेन्सर लावू नका, आधी १४ दिवस वहीत लिहा. चार आकडे पुरतात: शिफ्टमध्ये मशीन चालायला हवं होतं किती मिनिटं, चाललं किती, पीस किती निघाले, चांगले किती. समजा ८ तासांची शिफ्ट, ४८० मिनिटं, जेवण-चहाचे ४० वजा, राहिले ४४०. त्यातली ३३० मिनिटं मशीन चाललं, म्हणजे ७५ टक्के. सायकल टाइम, म्हणजे एका पीसला लागणारा वेळ, ४ मिनिटं, पीस निघाले ७५, म्हणजे खरं तर ३०० मिनिटांचं काम झालं, ते ३३० च्या ९१ टक्के. ७५ पैकी ७२ चांगले, ९६ टक्के. तिन्हींचा गुणाकार केला की साधारण साडेपासष्ट टक्के येतात, हाच ओईई, म्हणजे मशीनचा एकूण किती खरा उपयोग झाला त्याचं माप. जपानच्या सेइची नाकाजिमांनी टीपीएम या मशीन देखभालीच्या पद्धतीसोबत हे माप मांडलं आणि सगळीकडे ८५ टक्क्यांना उत्तम मानतात, पण तो आकडा भिंतीवर लावून उपयोग नाही. तिन्हीपैकी कुठला आकडा सगळ्यात खाली आहे ते बघा, काम तिथे आहे.

वहीचा अजून एक फायदा होतो. आमच्या डाऊनटाइम, म्हणजे मशीन थांबल्याच्या, रजिस्टरमध्ये सगळ्या नोंदी १०, १५ नाहीतर ३० मिनिटांच्या. ७ मिनिटं कोणीच लिहीत नाही आणि ३ मिनिटांचं थांबणं तर लिहायच्या लायकीचंच वाटत नाही. त्यात खोटेपणा काही नाही, हातात जॉब आणि अंगावर कूलंट असताना कोण घड्याळ बघत बसणार. पण त्यामुळे होतं काय की वहीतली बेरीज आणि शिफ्टची मिनिटं जुळत नाहीत, आमच्याकडे रोज तासाभराचा हिशेबच लागायचा नाही. सेन्सर लावायचा तो या हरवलेल्या तासासाठी.

सिग्नल कुठून घ्यायचा

तीन रस्ते आहेत.

मशीनला टॉवर लॅम्प असेल तर तो सगळ्यात स्वस्त. हिरवा, पिवळा, लाल, प्रत्येकाच्या वायरवर बहुतेक मशीनमध्ये २४ व्होल्ट डीसी येतात, ते ऑप्टोकपलर मॉड्यूलमधून (प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा भाग, दोन्ही बाजूंच्या वायरी जोडल्या जात नाहीत) घेऊन ईएसपी३२ सारख्या छोट्या बोर्डला द्यायचे. बोर्ड काही शे रुपयांत येतो. पण लक्षात ठेवा, त्याचे पिन ३.३ व्होल्टचे असतात, २४ व्होल्ट थेट दिले की बोर्ड गेलाच, म्हणून ऑप्टोकपलर मधे हवाच, त्याने मशीनचं पॅनल आणि तुमचा डबा वेगळे राहतात. अजून एक, हिरवा दिवा म्हणजे मशीन कापतंय असं धरून चालू नका. प्रत्येक मेकरचं लॉजिक वेगळं असतं, काही मशीनवर फीड होल्ड करून टूलची चाल थांबवली तरी हिरवा राहतो. एक शिफ्ट मशीनशेजारी उभं राहून दिवा आणि प्रत्यक्ष काम ताडून बघा. पीस मोजायचे असतील तर एखादा स्पेअर एम-कोड (प्रोग्राममधून मशीनला द्यायचा आदेश) शिल्लक आहे का ते सर्व्हिस इंजिनीयरला विचारा, प्रोग्रामच्या शेवटी तो टाकला की दर पीसला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, एकदा वाजतो, तो मोजायचा.

जुन्या लेथला दिवाच नाही, तिथे मोटरच्या वायरवर करंट मोजणारी क्लिपसारखी सीटी बसवायची, स्प्लिट कोअर म्हणतात ती, वायर कापावी लागत नाही. करंट किती वर गेला की कटिंग आणि किती खाली आला की नुसतं फिरतंय, ही रेषा मात्र तुम्हालाच ठरवावी लागते, दोन-तीन वेगळे जॉब चालवून बघा. स्पिंडलला ड्राईव्ह, म्हणजे मोटरचा वेग बदलणारं युनिट, असेल तर सीटी ड्राईव्हच्या इनपुटला लावा, आउटपुटला फ्रिक्वेन्सी बदलती असते, रीडिंग भरवशाचं येत नाही. आणि ज्या सीटीचं आउटपुट ५ अँपिअर किंवा १ अँपिअरचं आहे तिचं सेकंडरी, म्हणजे रीडिंग देणारी दोन टोकं, मशीन चालू असताना कधीही मोकळं सोडू नका, तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. हे काम लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून, मेन बंद करून, लॉक लावूनच. यात घाई नको.

तिसरा रस्ता कंट्रोलरमधून, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधून, थेट. फॅनक कंपनीच्या कंट्रोलरवर माहिती बाहेर काढायला फोकास नावाची लायब्ररी आहे, सीमेन्सच्या नवीन कंट्रोलरवर त्याच कामाला ओपीसी यूए मिळतं, त्यातून अलार्म नंबर, प्रोग्राम नंबर, ओव्हरराइड (ऑपरेटरने कमी-जास्त केलेला वेग) किती टक्क्यांवर ठेवलाय सगळं येतं. माहिती सगळ्यात चांगली इथेच मिळते. पण जुन्या कंट्रोलरवर त्यासाठी कार्ड किंवा ऑप्शन विकत घ्यावा लागतो आणि मशीन वॉरंटीत असेल तर मेकरला विचारल्याशिवाय पॅनलला हात लावू नका, मेलवर लेखी घ्या. पहिल्या मशीनला मी तरी टॉवर लॅम्पच सुचवीन.

नेटवर्क, इथेच जास्त लोक फसतात

पत्र्याचं शेड, लोखंडी मशीनं, त्यात वायफाय. बोर्ड पॅनलच्या आत ठेवलात तर पॅनलचा पत्राच सिग्नल अडवतो. एकतर प्लॅस्टिकचा डबा बाहेर लावा नाहीतर अँटेना बाहेर काढा. ऑफिसच्याच राउटरवर सगळं टाकू नका, मशीनसाठी वेगळा राउटर ठेवा, त्याचा पासवर्ड बदला, आणि डेटाचा कॉम्प्युटर सरळ इंटरनेटवर उघडा ठेवू नका. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एमक्यूटीटी ही डब्याकडून कॉम्प्युटरला निरोप पाठवायची पद्धत वापरतो, १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर सॅटेलाइटवरून नजर ठेवण्यासाठी ते बनवलं होतं, म्हणून नेट कमकुवत असलं तरी चालतं. पुढे डेटा जोडायला नोड-रेड आणि ग्राफ दाखवायला ग्राफाना, दोन्ही फुकट मिळतात, सातपूरच्या आयटीआयमधून आलेल्या आमच्या एका पोराने दोन-तीन महिन्यांत शिकून घेतलं.

पावसाळ्यात लाईट जाते-येते ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून डब्यात दोन सोयी हव्यातच. नेट गेलं तर नोंदी आतल्या मेमरीत साठल्या पाहिजेत आणि नेट आल्यावर पुढे गेल्या पाहिजेत, आणि घड्याळ बरोबर राहिलं पाहिजे. पहिल्या पावसात आमच्या डब्याचं घड्याळ लाईट गेली की शून्यावर जायचं आणि दुपारचा डाऊनटाइम रात्री दिसायचा, बॅटरीवर घड्याळ चालू ठेवणारं १५० रुपयांचं आरटीसी मॉड्यूल टाकलं तेव्हा थांबलं. राउटरला आणि कॉम्प्युटरला छोटा यूपीएस द्या.

माणसं

आता सगळ्यात महत्त्वाचं. डबा लावायच्या आधी ऑपरेटरशी बोला, लावल्यानंतर नाही. आमच्या ३ नंबरवर नाना आहेत, २२ वर्षं या लाइनमध्ये, चुंचाळ्याहून सायकलवर येतात. मी समजावायला गेलो तर माझं अर्धं ऐकूनच म्हणाले, "भाऊ, हे आमच्यावर नजर ठेवायला लावताय ना?"

मी म्हटलं, "नाना, मशीन का थांबतं तेवढंच बघायचंय."

"मशीन थांबलं की माणूस थांबला असंच धरता तुम्ही लोक. मी सेटिंग झाल्यावर पहिला पीस घेऊन तपासणीला क्यूसीत उभा राहतो, तिथे आधीच दोघं असतात, ते कुठं दिसणार तुमच्या डब्यात?"

मग आम्ही डब्याला ६ बटणं लावली. सेटिंग, टूल बदल, पहिला पीस क्यूसीत, माल नाही, मेंटेनन्स, आणि इतर. नावं नानांनी आणि सेटरने (नवीन जॉबसाठी मशीन लावून देणाऱ्याने) सांगितली तीच ठेवली, सहाच्या वर जाऊ नका, १५ पर्याय दिले की हात पहिल्याच बटणावर जातो. मशीन ३ मिनिटांपेक्षा जास्त थांबलं तरच बटण दाबायचं. आणि सगळ्यांसमोर सांगितलं की या आकड्यांवरून कोणाचा पगार, इन्सेंटिव्ह काही कापणार नाही. हा शब्द पाळावा लागतो हो. एकदा जरी कोणाला आकडा दाखवून झापलंत तर दुसऱ्या दिवसापासून सगळा डाऊनटाइम "इतर" मध्ये जाईल आणि तुमचा डेटा मेला.

तीन आठवड्यांनी आकडे बघितले तर नाना म्हणत होते तेच पहिल्या नंबरवर. दोन शिफ्ट मिळून चार-पाच वेळा पहिला पीस क्यूसीत जायचा आणि दर वेळी सरासरी १८ मिनिटं मशीन उभं. टूल मोडणं, ब्रेकडाऊन, ज्याच्यावर आम्ही मीटिंगमध्ये भांडायचो ते सगळं याच्या खाली. मग काय केलं, त्या हाऊसिंगसाठी बोअरचा व्यास मोजायचं डायल बोअर गेज मशीनशेजारीच ठेवलं, ते जुळवायच्या मास्टर रिंगसकट, सेटरला ट्रेनिंग देऊन पहिल्या पीसची पहिली तपासणी त्याच्याकडे दिली, क्यूसीने नंतर येऊन खात्री करायची, तोपर्यंत निघालेले पीस वेगळ्या क्रेटमध्ये. कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे काय कधी कोणी तपासायचं त्या कागदात, तसा बदल करून कस्टमरची मंजुरी घेतली, ते विसरू नका, नाहीतर ऑडिटला अडचण येते. थांबणं १८ वरून ५-६ मिनिटांवर आलं. या सुधारणेत सॉफ्टवेअरचा वाटा एवढाच की त्याने बोट दाखवलं.

रोज सकाळी १० मिनिटं

पहिली शिफ्ट सुरू झाली की मशीनजवळच उभ्याने मीटिंग, ऑफिसमध्ये नाही. सुपरवायझर, सेटर, क्यूसीचा एक माणूस, मेंटेनन्सचा एक. कालची सगळ्यात मोठी तीन थांबणी, प्रत्येकाला एक नाव आणि एक तारीख, फळ्यावर खडूने. जी तारीख उलटली ती पुसायची नाही, तिथेच ठेवायची. एवढंच. हे ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवसापासून सेन्सर असून नसल्यासारखे, आमच्या पहिल्या पॅकेजमध्ये हेच नव्हतं.

धंद्यात फरक कधी पडतो

इथे थोडा धीर लागतो. पॉल डेव्हिड नावाच्या इकॉनॉमिक हिस्टोरियनने १९९० मध्ये एक गोष्ट दाखवून दिली होती जी मला फार पटते. अमेरिकेत वीजकेंद्रं १८८० च्या दशकात सुरू झाली पण कारखान्यांच्या उत्पादकतेत मोठी उडी आली ती १९२० च्या दशकात. कारण सुरुवातीला लोकांनी काय केलं, वाफेचं इंजिन काढलं आणि त्याच जागी एक मोठी मोटर बसवली, बाकी सगळ्या मशीनना फिरवणारा छतावरचा लांब दांडा म्हणजे लाइन शाफ्ट, पट्टे, मशीनची मांडणी सगळं तेच. प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर आली, मग मशीनं शाफ्टच्या ओळीत ठेवायची गरज उरली नाही, कामाच्या क्रमाने मांडली, तेव्हा फायदा दिसला. आमच्यासारख्या शॉपमध्ये डबे लावून बाकी काम जुन्याच पद्धतीने चालू ठेवलं तर तेच होणार.

पैशाचा हिशेब करायचा तर असा करा. समजा मशीनचा तासाचा रेट ५०० रुपये, रोज ४५ मिनिटं वाचली, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे पावणेएकोणीस तास, ९,३७५ रुपये. पण हे कधी खरं, जेव्हा ते अडणारं मशीन आहे आणि त्या वाचलेल्या तासात टाकायला ऑर्डर आहे. ऑर्डर नसेल तर एक रुपयाही खिशात येत नाही, अशा वेळी ओव्हरटाइम किती कमी झाला आणि बाहेर जॉबवर्कला दिलेलं काम किती परत आलं ते मोजा. आमचा खरा फायदा ओव्हरटाइममध्येच झाला, महिनाअखेरच्या रात्रपाळ्या जवळजवळ थांबल्या, आणि कस्टमरला डिस्पॅचची तारीख सांगताना पोटात गोळा येत नाही आता.

ऑर्डर कमी असलेल्यांनी मी म्हणतो मशीनच्या आधी वीज धरावी. मॉडबस, म्हणजे रीडिंग कॉम्प्युटरला द्यायची पद्धत, असलेला एनर्जी मीटर कॉम्प्रेसरवर बसवा. मॉडबस १९७९ चं आहे, जुनं पण सगळीकडे चालतं. मीटर जोडणारी आरएस-४८५ ची वायर एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी साखळीने न्या, एका जागेवरून फाटे फोडू नका, आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. मग सुट्टीच्या दिवशी सगळी मशीनं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा. एअर कोणी वापरत नाही, तरी तो लोड घेतोय, हवा भरतोय, म्हणजे गळती. लोडवर दीड मिनिट आणि अनलोड साडेचार मिनिटं असेल तर दीडला एकूण सहाने भागा, २५ टक्के हवा गळतेय. साबणाचं पाणी घेऊन कपलिंग आणि पाइपचे जोड तपासा. प्रेशर गरजेपेक्षा जास्त ठेवलं असेल तर १ बार कमी केल्याने कॉम्प्रेसरची वीज साधारण ६-७ टक्के वाचते. आणि महावितरणच्या बिलात डिमांड चार्ज (एका वेळी जास्तीत जास्त किती लोड ओढला त्याचे पैसे) वेगळा लागत असेल तर सकाळी सगळी मोठी मशीनं एकाच वेळी सुरू करण्याची सवय मोडा, मीटरचा ग्राफ बघितला की ती उसळी लगेच दिसते.

सप्लायरकडून घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी चार गोष्टी लेखी मागा. आमचा डेटा एक्सेलमध्ये कधीही काढता येईल का, वर्षाची फी भरली नाही तर जुना डेटा मिळेल का, नेट बंद असताना डबा नोंद ठेवतो का, आणि नवीन मशीन जोडायला आमचा माणूस पुरेल की दर वेळी तुम्हालाच बोलवायचं. उत्तर गुळमुळीत आलं तर थांबा. आधी कुठेतरी चालू असलेलं बघायचं असेल तर पुण्याला सी४आय४ लॅब आहे, अवजड उद्योग मंत्रालयाच्या समर्थ उद्योग योजनेतली, इंडस्ट्री ४.० वरच काम करतात, एक दिवस काढून जाऊन या. निमा आणि आयमा या नाशिक-अंबडच्या उद्योजकांच्या संघटनांमध्येही अशी मशीनं जोडलेले मेंबर भेटतात, त्यांच्या शॉपवर जाऊन ऑपरेटरशी बोला, मालकाशी नाही.

व्हायब्रेशन सेन्सर, कॅमेरा, एआयने ब्रेकडाऊनचा अंदाज, हे सगळं नंतर. व्हायब्रेशनचा सेन्सर घेतलात तरी स्पिंडल चांगला असतानाचं रीडिंग आधी काही महिने साठवावं लागतं, त्याशिवाय बिघडलेलं ओळखणार कशावरून.

दुसरं मशीन जोडायची घाई करू नका, पहिल्यावर सकाळची मीटिंग सलग दोन महिने चालली की मगच. आणि जोडताना दर वायरला नंबरचा टॅग लावा, कुठली वायर कुठून कुठे जाते त्याचं हाताने काढलेलं चित्र लॅमिनेट करून पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, तारीख टाकून. आमचा इलेक्ट्रिशियन बदलला तेव्हा नव्या माणसाने ते चित्र बघून अर्ध्या तासात फॉल्ट काढला, आणि ज्या एका पॅनलला चित्र नव्हतं तिथे पूर्ण दिवस गेला.